रिकाम्या जागेतली रेघ

त्या जागी काही दिसायलाच नको होतं.

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर एकेक काळी रेघ उमटत गेली आणि शास्त्रीण खुर्चीत पुढे सरकली. डावीकडच्या रकान्यात कर्करोगाच्या पेशींचा अर्क होता. तिथे जाड रेघ आली; रेघ म्हणजे ती ज्यावर काम करायची ते प्रथिन, आणि ते तिथे असायलाच हवं होतं. उजवीकडच्या रकान्यातल्या पेशींमधून मात्र ते प्रथिन तयार करणारं जनुकच कापून टाकलेलं होतं. प्रथिनच नाही म्हटल्यावर तिथे कोरं राहायला हवं होतं. तिथेही रेघ आली. जराशी फिकट, पण आली.

"काहीतरी गाढवपणा केलाय आपण," ती स्वतःशीच पुटपुटली. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, थेंब शेजारच्या रकान्यात सांडला असेल. तिने सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी प्रत्येक नळीवरची चिठ्ठी लहान मुलासारखी मोठ्याने वाचली. शेजारच्या टेबलावरची मुलगी हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा त्याच पडद्यासमोर ती उभी राहिली, आणि पुन्हा त्याच जागी रेघ आली.

तेव्हा ती घाबरली. प्रयोग चुकला म्हणून नव्हे. प्रयोग चुकायची सवय असल्याशिवाय या धंद्यात कोणी टिकत नाही. घाबरली ती नणंदेच्या आठवणीने.

शास्त्रीण हे तिचं खरं नाव नव्हतं. ते नणंदेने ठेवलेलं होतं, लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा. "घरात शास्त्रीण आलीय म्हणे. म्हणजे आता मीठ मागायचं तरी सोडियम क्लोराइड म्हणावं लागणार!" त्याची परतफेड म्हणून तिने नणंदेला जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली. दोघींनी एकमेकींना चिडवायला घेतलेली नावं दोघींना अशी चिकटली, की पुढे नवराही सख्ख्या बहिणीला फोनवर "काय वन्सं, जेवण झालं का?" असं विचारायला लागला.

वन्सं लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. दोन गल्ल्या पलीकडे एकट्याच राहायच्या, आणि उरलेला सगळा दिवस शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढायच्या. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. घाबरट माणसांवर त्यांचा विशेष जीव. "ज्याला भीती वाटत नाही त्याला मी शिकवत नाही," म्हणायच्या, "तो मला घेऊन जाईल वर."

मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी पहिलं वाक्य असंच काहीतरी बोलून दाखवलं होतं. पण शस्त्रक्रिया झाली, नंतर यकृतावर डाग दिसले, केमोची एक तऱ्हा झाली, दुसरी झाली, आणि वन्संचे विनोद कमी होत गेले. तोंडाला चव नाही, बोटांच्या टोकांना मुंग्या, स्टिअरिंग हातात धरवत नाही. अशा वेळी त्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती, आणि ती गोळी ज्यावरून निघाली ते काम शास्त्रिणीच्या प्रयोगशाळेतलं होतं.

तेव्हा वन्संनी तिला समोर बसवून विचारलं होतं, "हे तुझं प्रोटीन नक्की करतं काय? मला समजेल असं सांग. नाहीतर मी गोळी घेणार नाही."

तिने सांगितलं होतं. पेशीतलं डीएनए आपली जागा सोडत नाही. त्यातल्या हव्या त्या मजकुराच्या नकला निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. नक्कल वाचून पेशी आपलं काम करते आणि काम झालं की नक्कल मोडून टाकते. कोणती नक्कल किती टिकवायची, हे ठरवणारी प्रथिनं असतात. ती आरएनएला धरून ठेवतात. त्यातलंच एक काही कर्करोगांत प्रमाणाबाहेर वाढतं. "वाढा, दुप्पट व्हा" असं सांगणाऱ्या नकला ते हातात घट्ट धरून बसतं. मोडूच देत नाही.

"म्हणजे मजकूर बरोबर आहे, पण कागद फाडतच नाहीत?"

"बरोब्बर. आणि ही गोळी त्याच्या मुठीत जाऊन बसते. मग त्याला आरएनए धरता येत नाही."

"माझ्यात आहे का ते?"

"तपासून बघतात. तुमच्या गाठीचा तुकडा आहेच त्यांच्याकडे. त्याच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकतात. अँटिबॉडी त्या एकाच प्रोटीनला चिकटते, आणि चिकटली की तिथे तपकिरी रंग येतो. रंग आला तरच चाचणीत घेतात."

वन्संच्या कापावर गडद तपकिरी रंग आला होता. घरात जणू परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला होता. गोळी सुरू झाल्यापासून वन्संचा चेहराही फिरला. भूक लागायला लागली. मुंग्या कमी झाल्या. सकाळी एखाद्या विद्यार्थ्याला घेऊन चौकापर्यंत जाऊन यायला लागल्या.

आणि आता या पडद्यावर, ते प्रथिन नसलेल्या पेशींतही रेघ दिसत होती. याचा अर्थ एकच होता. ही रेघही त्याच अँटिबॉडीने उमटत असे, आणि ती दुसऱ्याच कशाला तरी चिकटत होती. काही महिन्यांपूर्वी अँटिबॉडीचा जुना साठा संपत आला म्हणून त्याच कंपनीचा नवा साठा आला होता, आणि त्याच नव्या साठ्यातल्या बाटल्या रुग्णालयालाही गेल्या होत्या. वन्संचा तुकडा तपासला गेला तो त्यानंतर.

तिने फ्रीजरमधून जुन्या साठ्याचा तळाला उरलेला थेंबभर द्राव शोधून काढला आणि दोन्ही साठे शेजारी शेजारी लावून पाहिले. जुन्या साठ्याने उजवा रकाना कोरा ठेवला. नव्याने रेघ काढली.

कोणाला चिकटत असेल, याचाही अंदाज तिला होता. त्या प्रथिनाचं एक भावंड होतं. बांधा तसाच, वजन जवळपास तेवढंच, तेही आरएनए धरणारं. कर्करोगात त्याचं काय काम असतं हे कोणाला धड माहीत नव्हतं, कारण कोणी त्याच्या वाटेलाच गेलं नव्हतं. त्या भावंडाला ही गोळी अजिबात लागू पडत नसे. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर तर हे प्रत्येक व्याख्यानात कौतुकाने सांगायचे: आमचं औषध नेमकं आहे, भावंडाला बोटसुद्धा लावत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा; शांत माणूस, काचेचा नंबर पाव अंशानेही चुकू न देणारा. त्याने घास खाली ठेवला.

"पण ताईला फरक पडलाय. डोळ्यांनी दिसतंय."

"दिसतंय. पण केमो बंद झाल्यावर केमोचा त्रासही ओसरतो. भूक येते, मुंग्या जातात. ते गोळीमुळेच आहे असं नाही म्हणता येत."

"आणि गोळीमुळेच असलं तर?"

तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"कोणाला सांगितलंयस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग इतक्यात नको सांगूस." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "स्कॅन जवळ आलाय तिचा. तो होऊ दे. एकदा तू तोंड उघडलंस की ते चाचणी बंद करणार आणि तिच्या हातातली गोळी काढून घेणार. नंतर कळलं की गोळी काम करत होती, तर काय करशील?"

"आणि करत नसली तर? तिला दुसरं औषध चालू करता येईल, ते आपण अडवून ठेवलेलं असेल. शिवाय ती एकटी नाही रे. नवा साठा आल्यापासून जे जे चाचणीत आले..."

"मला बाकीच्यांचं नको सांगूस." तो एकदम चढ्या आवाजात बोलला आणि लगेच ओशाळला. "असं म्हणायचं नव्हतं मला. पण ती माझी बहीण आहे."

"माझी कोण आहे?" तिने विचारलं.

दोघांचंही जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांकडे गेली नाही. आधी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात गेली. जाताना मनाशी एक बेत शिजला होता, आणि तो बेत चांगला नाही हे तिला माहीत होतं. विभागप्रमुख मॅडमशी तिची जुनी ओळख. वन्संच्या गाठीचा एखादा उरलेला काप मागायचा, जुन्या साठ्यातलं उरलंसुरलं त्यावर टाकायचं, आणि आधी आपल्या माणसाचं काय ते बघून घ्यायचं. तपकिरी आला तर सुटलो. मग सरांना सावकाश सांगता येईल. नाही आला तर... त्याच्या पुढचा विचार ती करत नव्हती.

मॅडम मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. डोळे न काढताच म्हणाल्या, "बस. हे एवढं बघून होऊ दे. नवा पेशंट आहे तुमच्या चाचणीसाठी. बघ, किती सुंदर रंग आलाय."

त्या बाजूला सरकल्या. शास्त्रिणीने भिंगात डोळा घातला. फिकट निळ्या पेशींच्या रांगांमध्ये गाठीचा भाग दाट तपकिरी दिसत होता. कोणाच्या तरी आतड्याचा तुकडा. कोणीतरी बाहेर बाकावर बसलेलं असेल, घरी फोन करून सांगायला उतावीळ झालेलं असेल.

"याला हो म्हणून कळवते दुपारी," मॅडम म्हणाल्या. "तुझं काय काम होतं?"

शास्त्रिणीने तोंड उघडलं. "मला एक..." एवढंच आलं. मग जे बोलायचं ठरवून आली होती ते राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मॅडम, हो म्हणून कळवू नका. तुमची अँटिबॉडी खोटं बोलतेय."

मॅडमनी चष्मा काढला. "दार लाव," त्या म्हणाल्या.

तिने सगळं सांगितलं. रेघ, पुन्हा केलेला प्रयोग, दोन साठे. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "तुझी नणंद यातच आहे ना?"

"हो."

"तिचा काप मागायला आली होतीस?"

शास्त्रिणीला खोटं बोलता आलं नाही. तिने मान हलवली.

"बरं झालं मागितला नाहीस. मी दिला असता," मॅडम म्हणाल्या, "आणि मग आपण दोघीही गोत्यात आलो असतो. चल, तुझ्या सरांकडे जाऊ."

सरांचा अर्धा जन्म त्या एका प्रथिनात गेला होता. केस त्यातच पांढरे झाले होते. त्यांनी चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली, खिडकीपाशी जाऊन उजेडात धरून पाहिली.

"पेशींमधून जनुक पूर्ण गेलं नसेल."

"गेलंय सर. जुना साठा कोरा रकाना दाखवतो."

"जुना साठा म्हातारा झाला असेल. त्याला दिसतच नसेल."

"डावीकडे व्यवस्थित रेघ आहे सर त्याची."

"मग पुन्हा कर. मी उभा राहतो शेजारी."

"करते. पण तोपर्यंत नवे पेशंट घेणं थांबवायला हवं. आज दुपारी एकाला हो म्हणणार आहेत."

सर तिच्यावर खेकसले. ती त्यांची विद्यार्थिनी असल्यापासून इतक्या वर्षांत ते कधी खेकसले नव्हते. "तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? एकदा हे बाहेर गेलं की लोक साठ्याचं बोलणार नाहीत. औषध खोटं म्हणतील. सगळंच खोटं म्हणतील. वर तुझ्या घरचं माणूस चाचणीत. उद्या म्हणतील, हिला काहीतरी लपवायचं होतं किंवा काहीतरी मिळवायचं होतं."

"म्हणूनच तुम्ही सांगा, सर. माझं नाव नको."

ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मॅडम खोकल्या. मग सरांनी फोन उचलला, आणि चाचणी बघणाऱ्या डॉक्टरांना अगदी साध्या आवाजात सांगितलं, "तपासणीच्या अँटिबॉडीत गडबड आहे. नवे पेशंट थांबवा. हो, आजपासून. नाही, नंतर नाही, आत्ता." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा एकदम वयस्कर दिसला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गोष्ट आता तिच्या हातात राहिली नव्हती. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीची बैठक झाली. ठरलं, की नवा साठा आल्यापासून घेतलेल्या सगळ्यांचे तुकडे वेगळ्या, खात्रीच्या पद्धतीने पुन्हा तपासायचे, आणि प्रत्येकाला डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगायचं. तोवर कोणी बाहेर बोलायचं नाही. शास्त्रिणीला वेगळं बजावलं गेलं: घरीसुद्धा नाही.

नवऱ्याला तर आधीच माहीत होतं. तो दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. राग नव्हता, भीती होती. पण घरात भीती आणि रागाचा आवाज सारखाच येतो. दार जरा जोरात लागतं, कप जरा जोरात ठेवला जातो.

त्यातच शनिवार आला. शनिवारी वन्सं तिला गाडी शिकवायच्या. इतक्या लोकांना तयार केलं पण घरची शास्त्रीण काही तयार होईना, हे त्यांचं जुनं दुखणं. टाळायला सबब सापडेना, म्हणून ती जाऊन बसली. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर वन्संनी तिला गाडी पुढे घ्यायला सांगितली.

"क्लच सोड. हळू. अगं हळू म्हणजे बंद पाडायची नाही."

गाडी बंद पडली. पुन्हा पडली.

"आज तुझं लक्ष कुठंय?"

"आहे की."

"नाहीये. आल्यापासून माझ्याकडे बघितलं नाहीस तू. माझा भाऊ काल आला, तोही जमिनीकडे बघून बोलत होता. आणि आज सकाळी हॉस्पिटलमधून फोन, सोमवारी येऊन भेटा. स्कॅनची तारीख तर अजून लांब आहे." वन्संनी हात पुढे करून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. "काय झालंय?"

शास्त्रिणीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "डॉक्टर सांगतील तुम्हाला सोमवारी."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मला सांगता येत नाही, वन्सं."

"मी मरतेय का? तेवढंच सांग."

"नाही. म्हणजे, तसं काही नाही ते. तुमच्या तब्येतीचं नाही. तपासणीचं आहे. याच्यापुढे मला नका विचारू, प्लीज."

"घरचं माणूस म्हणून विचारतेय मी."

"घरची आहे म्हणूनच सांगू शकत नाही."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. मग उतरल्या, वळसा घालून आल्या, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "सरक." घरापर्यंत त्यांनीच गाडी चालवली, एक अक्षर न बोलता. गल्लीच्या तोंडाशी तिला उतरवलं आणि निघून गेल्या. शास्त्रीण तिथेच उभी राहिली. जीव नुसता टांगणीला लागलेला. सोमवारपर्यंतचा वेळ कसा काढायचा, हेच तिला सुचेना.

सोमवारी नवरा बहिणीसोबत गेला. शास्त्रिणीने दिवसभर प्रयोगशाळेत एकही धड काम केलं नाही. नळी हातात घ्यायची, कशासाठी घेतली ते विसरायचं, परत ठेवायची. दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"तिच्यात ते नाहीये," तो म्हणाला. "अगदी थोडं आहे. ते दुसरंच आहे, भावंड का काय म्हणतेस ते. ते भरपूर आहे."

"आणि गोळी?"

"बंद. त्यांनी लगेच स्कॅनही केला. एक डाग वाढलाय." तो थांबला. मागे रुग्णालयातल्या लोकांचे आवाज येत होते. "फार नाही म्हणाले. पण वाढलाय."

आपण बरोबर निघालो, याचं इतकं वाईट वाटू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं.

वन्संनी तिच्याशी बोलणं सोडलं. भावाचा फोन घ्यायच्या, त्याच्या हातचा डबा घ्यायच्या, पण "ती कशी आहे?" असं विचारायच्या नाहीत. चार दिवस शास्त्रिणीने वाट पाहिली. पाचव्या दिवशी कामावरून सुटल्यावर सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. वन्संनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत.

"काय आहे?"

"बोलायचंय."

"आता परवानगी मिळाली वाटतं?"

"मिळाली नसती तरी आले असते."

वन्सं आत वळल्या. दार उघडंच ठेवलं. शास्त्रीण आत गेली. वन्सं ओट्याशी पाठ करून उभ्या राहिल्या.

"तू पहिल्यांदा कोणाला सांगितलंस?"

"त्याला. मग पॅथॉलॉजीच्या मॅडमना. मग सरांना."

"आणि मला सगळ्यात शेवटी. तेही तू नाहीच. एका अनोळखी डॉक्टरने, टेबलापलीकडून." त्यांचा आवाज फुटला नाही, उलट कडक होत गेला. "गोळी बंद झाली त्याचं मला काही नाही. ती माझ्यासाठी नव्हतीच, बरं झालं कळलं. पण मी तुझ्या शेजारी बसले होते गं. तुला माहीत होतं आणि मी तुला क्लच सोड म्हणून सांगत होते."

नियम होता, हे खरं होतं. नियम मोडला असता तर वन्संनी स्वतःच गोळी फेकून दिली असती किंवा दुप्पट घेतली असती, आणि इतरांच्या चाचणीचा विचका झाला असता, हेही खरं होतं. पण ते त्या स्वयंपाकघरात बोलण्यासारखं नव्हतं.

"मी तुमचा काप चोरून बघणार होते," ती एकदम म्हणाली. "आधी तुमचं बघून घ्यायचं आणि मग बाकीच्यांचं, असं ठरवून गेले होते. तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी काप होता भिंगाखाली. त्याला दुपारी हो म्हणणार होते."

वन्सं वळल्या. "मग?"

"मग नाही मागितला."

नळातून पाणी ठिबकत होतं. वन्संनी तो घट्ट बंद केला.

"तो कोण होता?"

"माहीत नाही."

"त्याच्यात होतं का? तुझं खरं प्रोटीन?"

"होतं. दुसऱ्या तपासणीतही आलं. त्याला गोळी मिळेल, चाचणी पुन्हा सुरू झाली की."

"चला. कोणाचं तरी बरं झालं," वन्सं म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. बसताना पोटावर हात ठेवायची सवय त्यांना अलीकडेच लागली होती. "आणि ते माझ्यातलं? ते भावंड? त्याच्यावर कोण काम करतंय?"

"फारसं कोणी नाही."

"का?"

"सगळे त्याच्या भावाच्याच मागे लागले. ह्याला कोणी विचारलंच नाही."

"आमच्या घरासारखंच झालं," वन्सं म्हणाल्या. तो विनोद होता की नव्हता हे शास्त्रिणीला कळलं नाही, पण शनिवारनंतर पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं होतं. "मग कर की तू. माझा तुकडा हवा तर घे, सही करून देते. मागून घे म्हणजे झालं."

नवं औषध लगेच सुरू झालं. ते नवंही नव्हतं म्हणा, जुनंच, नसेतून देण्याचं. आधीच्या दोन तऱ्हांपेक्षा वेगळं आणि हाताच्या तळव्यांना सोलवटून टाकणारं. वन्संनी हातमोजे घालायला सुरुवात केली. सरांनी आपल्या पुढच्या व्याख्यानात सगळी हकिकत स्वतःच उघड सांगितली, चित्रांसकट. काही लोक सभागृहातून उठून गेले. बाकीच्यांनी आपापल्या प्रयोगशाळेत जाऊन आपापले साठे तपासले, आणि त्यातल्या दोघांचे फोन आले की आमच्याकडेही तीच रेघ येते. चाचणी नव्या तपासणीनिशी पुन्हा उभी राहिली. जुन्या साठ्यावर निवडलेल्यांपैकी काहींच्या गाठी खरोखरच आटल्या होत्या. औषध खोटं नव्हतं. ते वन्संचं नव्हतं, इतकंच.

शास्त्रीण सरांचं काम करून उरलेल्या वेळात भावंडाकडे वळली. ते कोणकोणत्या आरएनएला धरतं, एवढंच आधी शोधायचं होतं. यातून वन्संच्या हयातीत गोळी निघणार नाही, हे तिला माहीत होतं, आणि वन्संनाही. त्याबद्दल दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या स्कॅनच्या वेळी वन्सं म्हणाल्या, "भावाला नको. तो माझ्याहून जास्त घाबरतो. तू चल."

दोघी भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. समोरचं दार उघडलं की दोघींची मान एकदम वर जायची. वन्संच्या मागून आलेली एक बाई आत जाऊन बाहेरही आली. शास्त्रिणीला वाटलं, वाईट असेल म्हणूनच आपल्याला उशीर लावतायत. मग वाटलं, चांगलं असेल म्हणून घाई नसेल. मग तिने विचार करणंच सोडलं आणि नुसती वन्संच्या हातमोज्यांकडे बघत राहिली.

आत डॉक्टरांनी चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. "आहे तेवढंच आहे," ते म्हणाले. "कमी नाही, पण वाढही नाही. वाढलेला डागही तिथेच थांबलाय. हेच औषध चालू ठेवू. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"थांबलंय म्हणजे थांबलंय ना?" वन्संनी विचारलं.

"सध्या थांबलंय."

वन्संनी मान डोलावली, आभार मानले, पर्स उचलली. लिफ्टसमोर गर्दी होती म्हणून त्या जिन्याने निघाल्या, शास्त्रीण मागोमाग. पहिल्या वळणावर वन्सं थांबल्या. कठड्याला धरलं, आणि रडायला लागल्या. आजार कळल्यापासून त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेला जाताना नाही, गोळी बंद झाली त्या दिवशीही नाही. आता हुंदके आवरेनात. खालून वर येणारी माणसं वाईट बातमी असणार अशा समजुतीने नजर खाली घालून, अंग चोरून कडेने जात होती.

शास्त्रिणीला काय करावं कळेना. तिने वन्संच्या हातातली पर्स काढून घेतली, आपल्या खांद्याला लावली आणि एक पायरी खाली उतरून त्यांच्या समोर उभी राहिली, म्हणजे कोणाला त्यांचा चेहरा दिसू नये.

"चांगलं आहे ना गं?" वन्संनी रडता रडताच विचारलं. "आहे तेवढंच म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच," ती म्हणाली.